मिस्त्री काका, आपण गाडीच्या एसीत गॅस भरायला नकार दिलात म्हणून

आदरणीय मिस्त्री काका,
सविनय नमस्कार.

यंदाच्या नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, एका दुपारी तीन वाजता मी गाडी शेडबाहेर काढली, वावरातल्या विहिरीपर्यंत नेली आणि परत आणली. शेडच्या सावलीतला तापमापक ४५ अंश दाखवीत होता. डॅशबोर्डच्या झरोक्यात खोचलेला छोटा तापमापक १३ अंशांवर थांबला होता. शेजारी माझी पत्नी बसली होती, जिने गेल्या वर्षी याच गाडीविषयी "भट्टीत बसाले मी काय वीट आहो काय?" असे विचारून घराचे दार लावून घेतले होते. परत आल्यावर ती पाच मिनिटे गाडीतून उतरली नाही. हे मी आपल्याला फोनवर कळवले तेव्हा आपण "चांगलं झालं सर" एवढेच म्हणून हार्वेस्टरच्या कॅबिनच्या कामाला लागलात. आपल्या वहीत माझ्या गाडीच्या एसीचे हे काम "किरकोळ" या सदरात लिहिलेले मी स्वतः पाहिले आहे. ती नोंद मला मान्य नाही, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहीत आहे.

ज्यांना गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो की ती कोणत्याही कारखान्यातून तयार होऊन आलेली नाही. नळ्यांची चौकट, फायबरग्लासचे दोन आसनी बंद कवच आणि खोक्यांत भरलेले सुटे भाग असा अर्धवट सोडलेला संच मी एका हौशी गृहस्थाकडून घेतला, आणि त्यात जुन्या मारुती जिप्सीचे १२९८ सीसीचे इंजिन व गिअरबॉक्स बसवून, आयटीआयमधील नोकरी सांभाळून, संध्याकाळच्या वेळात चार वर्षे ती जोडली. तिची रस्त्यासाठी नोंदणी नसल्याने ती बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात आणि मुरूम टाकून सपाट केलेल्या आमच्या खासगी पांदीवरच फिरते. अशा संचगाड्यांची हौस मूळची इंग्लंडमधली. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन तिथे सुट्या भागांतही विकली जाई, कारण तयार गाडीवर लागणारा खरेदी कर सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. ज्या मुलखातली माणसे उन्हासाठी आसुसलेली असतात, तिथल्या धाटणीची तिरक्या काचेची आणि बसक्या छपराची गाडी हिंगणघाट तालुक्यातल्या वैशाखात आणून उभी केली तर काय होईल, हे मला आधीच सुचायला हवे होते.

माझा पहिला उपाय आपल्या भागाला शोभेल असाच होता. आसनांमागे मी वाळ्याच्या ताटीचा आणि बारा व्होल्टच्या पंपाचा कूलर बसवला. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते, त्यामुळे तो थोडाफार चाललाही. पण बंद कवचातून दमट हवेला बाहेर पडायला वाट नसल्याने दहा मिनिटांत काचा धूसर होत आणि अंगाला चिकचिक सुटे. त्यानंतर शहरातल्या एका वर्कशॉपने एका दिवसात एसी बसवून दिला. तो आठ दिवस चालला. नवव्या दिवशी गॅस नव्हता, पुन्हा भरला तोही महिन्याभरात गेला, आणि तिसऱ्या खेपेला "थोडा जास्त मारून देतो" हे ऐकल्यावर मी गाडीवर ताडपत्री टाकली.

आपण आलात त्या दिवशी मला वाटले होते की आपण आधी गॅसचा दाब मोजणारे गेज जोडाल. आपण गेजची पेटी उघडलीसुद्धा नाही. इंजिन अर्धा तास चालू ठेवायला लावून आपण दोन आसनांमधल्या बोगद्यावर, म्हणजे गिअरबॉक्स झाकणाऱ्या उंचवट्यावर, तळहात ठेवलात, मग पायांपुढच्या पत्र्यावर, मग छपराला आतून, आणि म्हणालात, "सर, पयले गाडी तापनं बंद करा. मंग थंडी करू." मी पंधरा वर्षे आयटीआयमध्ये शिकवतो, उष्णतेचा भार उतरवल्याशिवाय यंत्राची क्षमता ठरवू नये, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल. तेच माझ्या गाडीपाशी उभे राहून मला कोणी सांगावे लागले, ही कबुली येथे देऊन टाकतो.

पुढचे दहा दिवस एसीच्या कामाला हातच लागला नाही. इंजिन आणि आसनांमधल्या पत्र्यात वायरी व केबलींसाठी पाडलेली अकरा भोके मी रबरी बुशांनी बंद केली, एक्झॉस्टच्या नळ्यांना उष्णतारोधक पट्टी गुंडाळली, आणि बोगदा, फरशी व छत यांना आतून १० मिलिमीटर जाडीचा, वर चंदेरी फॉइल असलेला नायट्रिल फोम चिकटवला. त्या काळात आपण दोनदा आलात, पुन्हा हात लावून पाहिलात, चहा घेतलात आणि एक रुपया न घेता गेलात. दुसऱ्या खेपेला बोगद्यावर हात टेकवून ठेवता येत होता.

मग कॉम्प्रेसर, म्हणजे एसीतला गॅस दाबणारा पंप. जिप्सी कारखान्यातून एसीविना येत असे, त्यामुळे या इंजिनावर त्याची सोयच नव्हती, आणि आधीच्या लोकांनी वेल्ड करून ठोकलेली पट्टी थरथरत होती. आपण भंगारातून त्याच घराण्यातले इंजिन असलेल्या मारुती एस्टीमची ओतीव ब्रॅकेट शोधून आणलीत, तिच्यामागे दोन वॉशर घातलेत आणि पुल्यांच्या कडेने सुतळी ताणून पट्टा एका रेषेत चालणार असल्याचे मला दाखवलेत. पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने १९४० च्या मॉडेलांत पहिल्यांदा गाडीत एसी दिला तेव्हा कॉम्प्रेसरला क्लच नव्हता आणि एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून पट्टाच उतरवावा लागे, ही माहिती मी आपल्याला मोठ्या कौतुकाने सांगितली. आपण मान वर न करता म्हणालात, "पट्टा वाकडा चालला त तुमचाबी उतरनच."

आपला आणि माझा खरा वाद झाला तो कंडेन्सरवरून, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवरून. गाडीचे नाक चिंचोळे ठेवायचे म्हणून मला लहान कंडेन्सर खाली आडवा लपवायचा होता. आपल्याला तो रेडिएटरच्या पुढे, पूर्ण रुंदीचा हवा होता. आपले म्हणणे मला घरी आकडे मांडल्यावर पटले. कंडेन्सरमध्ये गॅसचा द्रव व्हायचा तर त्याचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी वर असावे लागते. बाहेर ३० अंश असतील तर हे सहज निभते. बाहेर ४५ असताना आर-१३४ए हा गॅस ६० ते ६५ अंशांवर द्रव होतो आणि तेवढ्या तापमानाला नळीतला दाब २३० ते २६० पीएसआयच्या घरात जातो. कंडेन्सर तोकडा पडला की हा दाब आणखी चढतो, कॉम्प्रेसर धापा टाकतो आणि अखेर प्रेशर स्विच त्याला बंद पाडतो. म्हणजे ज्या दुपारी एसी हवा, नेमका त्याच दुपारी तो मान टाकणार. नाकाला मी आठ महिने पॉलिश केले होते. आपण त्यावर खडूने चार बोटांची रेघ मारलीत आणि आरी माझ्याच हातात दिलीत. कापून झाल्यावर कंडेन्सरच्या चारही कडांना आपण फोमच्या पट्ट्या लावल्यात, कारण हवेला बाजूने पळवाट मिळाली तर ती जाळीतून कशाला जाईल!

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र आहे त्या रात्रीकडे येतो. दुसऱ्या दिवशी माझे साळे सहकुटुंब येणार होते आणि गाडी थंड करून दाखवण्याचा शब्द मी देऊन बसलो होतो. आपण पाऊण तास व्हॅक्यूम पंप चालवलात, निर्वात दाखवणारा गेजचा काटा २९ इंचांवर आणलात, व्हॉल्व्ह बंद केलेत आणि सकाळी येतो म्हणालात. इतक्या खोल निर्वातात नळ्यांमधले पाणी साध्या तापमानालाच उकळून निघून जाते, आणि ते राहिले तर गॅसचा दाब उतरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठते, हे मला ठाऊक होते. काटा रात्रभर पाहायचा असतो, हे ठाऊक नव्हते. सकाळी तो २७ वर होता, म्हणजे कुठून तरी हवा आत शिरत होती. मी म्हणालो, दोनच इंच आहेत, आज भरून टाका, पुढचे पुढे पाहू. आपण नाही म्हणालात. मी पाहुण्यांचे नाव काढले, आवाजही चढवला. त्याबद्दल येथे माफी मागतो. आपण नायट्रोजनचे सिलिंडर जोडलेत, दीडशे पीएसआय दाब दिलात आणि साबणाच्या फेसाचा ब्रश घेऊन एकेक जोड तपासत बसलात. कंडेन्सरकडून निघणाऱ्या नळीच्या दाबलेल्या टोकाशी मोहरीएवढा बुडबुडा आला, तोही वीस-वीस सेकंदांनी एक. आधीचा सारा गॅस त्या मोहरीतून गेला होता, आणि माझे ऐकले असते तर आपण भरलेलाही गेला असता.

साळे आले, ताडपत्रीखालची गाडी पाहून गेले आणि काय बोलायचे ते बोलले.

तीन दिवसांनी नवी नळी आली. नळ्यांमधला ओलावा शोषणारा ड्रायरही आपण बदललात, कारण तोंड उघडे राहिलेला ड्रायर म्हणजे भिजलेले मीठ, हे आपले म्हणणे मी आता वर्गात वापरतो. पुन्हा व्हॅक्यूम, पुन्हा एक रात्र; काटा हलला नाही. मग आपण सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून ४८० ग्रॅम गॅस मोजून भरलात, आणि "अजून थोडा?" या माझ्या प्रश्नावर फक्त काट्याकडे बोट दाखवलेत. पंख्याचा रिले, आयडल वाढवण्याची जुळणी, पाणी निथळायची नळी ही कामे त्याच संध्याकाळी उरकली. ती नळी आत्ता उन्हाळ्यात जेमतेम थेंब टाकते. श्रावणात तिच्याखाली तांब्या ठेवावा लागेल, असे आपण म्हणाला होता.

आपण बिलात ब्रॅकेटचे पैसे लावले नाहीत, "भंगारातली तं होती" म्हणून. ते मी पाकिटात घालून ठेवले आहेत. तान्ह्या पोळ्याला नातवाला घेऊन आमच्या गावी यावे. एवढ्या दिवसांत आपण या गाडीच्या खाली निजलात, तिच्या नाकापाशी उकिडवे बसलात, पण आसनावर एकदाही बसला नाहीत. विहिरीपर्यंत गाडी आपण चालवायची. मी शेजारी बसेन.

आपला ऋणी,
आयटीआयमधील एक शिक्षक,
हिंगणघाट तालुका, जिल्हा वर्धा