'येत्या पाच वर्षांत' हे कुणाच्या भरवशावर छापता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली प्रयोगशाळेत वाढवलेल्या किडनीची बातमी वाचली. चार कॉलमी मथळा, शेजारी लालभडक किडनीचं चित्र आणि शेवटच्या परिच्छेदात 'येत्या पाच वर्षांत' रुग्णांना ती मिळू लागेल असं भाकीत. हे भाकीत कुणाचं, कशाच्या आधारावर, याचा बातमीत पत्ता नाही. पाच वर्षांची ही मुदत तुमच्याच पेपरात मी कितीतरी वर्षं वाचत आले आहे. दरवेळी ती नव्याने सुरू होते.

रागावण्याचं कारण सांगते. माझ्या धाकट्या दिरांच्या डायलिसिसच्या फाइलमध्ये क्रिएटिनिनच्या रिपोर्टांच्या मागे एक प्लास्टिकची पिशवी आहे. तिच्यात अशाच बातम्यांची कात्रणं आहेत, नीट घडी घातलेली. सगळ्यात जुन्या कात्रणाचा कागद पिवळा पडला आहे आणि त्यातल्या 'पाच वर्षांत' या शब्दांखाली लाल पेनाने रेघ मारलेली आहे. ती रेघ भाऊजींनी मारली आहे.

त्यांच्या किडन्या रक्तदाबाने गेल्या. डायलिसिस सुरू झालं तेव्हाच माझ्या नणंदेने किडनी द्यायची तयारी दाखवली. सख्खी बहीण, रक्तगट जुळला, टिश्यू मॅचिंग उत्तम आलं, क्रॉसमॅच निगेटिव्ह, म्हणजे भाऊजींच्या रक्तात तिच्या पेशींना विरोध नाही. वन्सं नेरुळहून ट्रान्सहार्बरच्या गर्दीतून एकट्या तपासण्यांना यायच्या, कुणालाही सोबत घ्यायच्या नाहीत. शस्त्रक्रियेचं बोलणं सुरू झालं आणि भाऊजींनी पाय मागे घेतला. "वहिनी, ताईला कशाला कापायचं? आपल्याच पेशींपासून किडनी तयार होणार आहे, पेपरात आलंय," म्हणाले आणि कात्रण पुढे केलं. मी शाळेत अनेक वर्षं जीवशास्त्र शिकवलं. मी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. "तुम्ही शिकवत होतात तेव्हाचं वेगळं, हे नवीन आहे," असं उत्तर मिळालं. छापून आलेल्या अक्षरापुढे आमचं कुणाचं चाललं नाही. ते वाट बघत राहिले. शेवटी तयार झाले आणि तपासण्या नव्याने झाल्या, तेव्हा वन्संना मधुमेह निघाला. आता त्यांची किडनी घेता येत नाही. त्या दिवशी वन्सं दवाखान्याच्या जिन्यात बसून रडल्या. स्वतःच्या मधुमेहासाठी नाही, भावासाठी.

आज भाऊजींचं नाव मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत आहे. ठाणे-नवी मुंबईतले रुग्णही त्याच यादीत असतात आणि किडनीसाठी थांबलेल्यांची संख्या हजारांत आहे. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनवर. डाव्या हातावरचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी धमनीला जोडलेली शीर, दोरखंडासारखा फुगला आहे. दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवायचं, चहा आणि आमटीही त्यातच धरायची. जाऊबाई बटाटा चिरून तासन् तास पाण्यात ठेवतात आणि ते पाणी ओतून टाकतात, पोटॅशियम कमी व्हावं म्हणून. आणि काल संध्याकाळी भाऊजींनी तुमची नवी बातमीही कापून त्या पिशवीत ठेवली. म्हणून हे पत्र.

बातमीत ज्याला किडनी म्हटलं आहे तो ऑर्गनॉइड आहे, म्हणजे मूळपेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेला, अवयवाची नक्कल करणारा पेशींचा गोळा, काही मिलिमीटरचा. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या साध्या पेशींना पुन्हा मूळपेशींसारखं, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकेल असं, करून दाखवलं. २०१२ मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. त्या वाटेने ऑस्ट्रेलियात मेलिसा लिटल यांच्या गटाने २०१५ मध्ये किडनीचे ऑर्गनॉइड तयार केले. काम अस्सल आहे, मला त्याचा मनापासून आदर आहे. पण ते ऊतक पहिल्या तिमाहीतल्या गर्भाच्या किडनीइतकं कोवळं होतं. आपल्या एकेका किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म चाळण्या, असतात आणि प्रत्येकाची नळी शेवटी मूत्रवाहिनीला मिळते. ऑर्गनॉइडमध्ये लघवी बाहेर जायला वाटच नसते. रक्तवाहिन्यांची अडचण तर त्याहून मोठी. केशवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरपेक्षा लांब राहिलेल्या पेशीला प्राणवायू पोचत नाही, त्यामुळे गोळा मोठा केला की आतून मरतो. आनुवंशिक किडनीविकार समजून घ्यायला, औषधांची विषबाधा तपासायला हे ऑर्गनॉइड आजही उपयोगी पडतात. तेवढंच छापलं असतं तरी बातमी चांगलीच झाली असती.

घाईचं काय होतं हे स्वीडनने पाहिलं आहे. २०११ मध्ये स्टॉकहोमला पावलो मॅकियारिनी या शल्यविशारदाने प्लास्टिकच्या श्वासनलिकेवर रुग्णाच्याच मूळपेशी लावून ती त्याला बसवली. जगभर कौतुकाचे मथळे झळकले. स्वीडनमध्ये ज्या तिघांना अशी नलिका बसवली ते तिघेही दगावले आणि २०२३ मध्ये अपील न्यायालयाने मॅकियारिनीला अडीच वर्षांची कैद सुनावली. कौतुक छापणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही.

मूळपेशींचे खरे उपचार बघायला परदेशात जायची गरज नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपण, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींचं प्रत्यारोपण झालं, आज ते आपल्या खारघरला टाटाच्याच अॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात होतं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत बुबुळाच्या काठावरच्या मूळपेशी वाढवून डोळ्यावर लावतात, रासायनिक भाजण्याने गेलेली नजर कितीतरी जणांना परत मिळाली आहे. पातळ थर वाढवणं जमलं आहे, अख्खा अवयव नाही. खारघरच्या त्या वॉर्डात तुमचा वार्ताहर एकदा तरी पाठवा, ही विनंती.

आणि अवयवदानाच्या बातम्या कुठे असतात? आपल्याच जिल्ह्यात एखाद्या मेंदूमृत तरुणाचे आईवडील छातीवर दगड ठेवून त्याच्या किडन्या देतात, तेव्हा ती बातमी आतल्या पानावर, कोपऱ्यात, चार ओळींत. माझ्या दिरांना किडनी मिळालीच तर ती त्या चार ओळींतल्या माणसांकडून मिळणार आहे.

जाता जाता, याच बातमीच्या खाली, मूळपेशींसाठी नाळेतलं रक्त साठवणाऱ्या खासगी बँकेची पाव पान जाहिरात होती, 'बाळाचं भविष्य सुरक्षित करा' अशा थाटाची. माझी भाची सात महिन्यांची गरोदर आहे. या बँकांचे एजंट तिला रोज फोन करतात, आणि काल तुमचं पान दाखवून तिच्या सासूबाई म्हणाल्या, पैसे भरून टाकूया. स्वतःच्याच पुढच्या उपयोगासाठी नाळरक्त साठवण्याला वैज्ञानिक आधार नाही, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. बातमी आणि जाहिरात एकाखाली एक लावताना तुमच्याकडे हे कुणी वाचलं होतं का?

प्रयोग कशावर झाला, उंदरावर, डुकरावर की काचेच्या बशीत. तयार झालेल्या गोष्टीचा आकार किती. कुठल्या रुग्णाला ती दिली आहे का, एवढं तरी अशा प्रत्येक बातमीत पहिल्या परिच्छेदात द्या. आणि कालच्या बातमीतला पाच वर्षांचा दावा कुणाचा होता ते नावानिशी छापा. ते मी स्वतः कापून भाऊजींच्या फाइलमध्ये लावीन.

आपली,
एक जुनी वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)