व्यासपीठ नको, टेबलं द्या

माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

गेली अकरा वर्षं मी सर्जनशील लेखनाच्या कार्यशाळा घेते आहे. शाळकरी मुलं, नोकरदार, निवृत्त माणसं, चार-चार पुस्तकं नावावर असलेले लेखक आणि सहीपुरतंच पेन हातात धरणारे, असे सगळे माझ्यासमोर बसून लिहून गेले आहेत. त्या अनुभवावर विसंबून आपल्याकडे एक मागणी करते आहे. वर्षातून एक दिवस प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयानं लिहू पाहणाऱ्यांसाठी दार उघडावं. दिवसभर कार्यशाळा चालाव्यात, प्रवेशशुल्क नसावं, आणि आजवर एक ओळही न लिहिलेल्या माणसापासून कादंबरीच्या तिसऱ्या खर्ड्यावर अडलेल्या माणसापर्यंत कुणालाही तिथे जागा मिळावी. आपल्या खात्यानं त्यासाठी जागा आणि मार्गदर्शकांचं मानधन द्यावं.

मागणी एवढीच आहे. पत्र लांबणार आहे ते हा दिवस कसा व्हावा हे सांगण्यासाठी, कारण असा दिवस फार सहज हातचा जातो. मी तो जाताना पाहिला आहे.

काही वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयानं असाच दिवस ठरवला आणि मला बोलावलं. साठ जणांनी नावं नोंदवली होती. दहाची वेळ होती. पाहुणे साडेदहाला आले. मग स्वागत, प्रास्ताविक, सत्कार, तिघांची मनोगतं, अध्यक्षीय भाषण आणि आभार. घड्याळात पावणेबारा झाले. एक वाजता सभागृह पुढच्या कार्यक्रमासाठी रिकामं करून द्यायचं होतं. खुर्च्या ओळीनं, सगळ्यांची तोंडं व्यासपीठाकडे. टेबल एकच, तेही वर, पाहुण्यांसमोर. खाली बसलेली माणसं मांडीवर वह्या सावरत लिहीत होती. साठ जणांना मिळून सव्वा तास उरला होता. दुसऱ्या रांगेत एक बाई बसल्या होत्या. दहालाच त्यांनी कोरी वही उघडून वर तारीख घातली होती, तिच्याखाली पट्टीनं रेघ मारली होती. निघताना त्यांची वही पिशवीत जाताना माझ्या नजरेस पडली. पानावर तारीख होती, रेघ होती, आणि बाकी काही नव्हतं. आयोजकांनी मात्र कार्यक्रम उत्तम झाल्याचा अहवाल पाठवला. उपस्थिती साठ.

त्या दिवशी कुणाचाही हेतू वाईट नव्हता. साहित्याचा कार्यक्रम म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर व्याख्यानच येतं: बोलणारा वर, ऐकणारे खाली. कार्यशाळेची मांडणी याच्या उलट असते. तिथे सर्वांत जास्त काम शिकायला आलेला माणूस करतो आणि मार्गदर्शक बराच वेळ गप्प असतो. म्हणून पहिली विनंती टेबलांची. लांबलचक टेबलं, भोवती खुर्च्या, एका गटात बारा माणसं. बाराच का, याचा हिशेब साधा आहे. प्रत्येकानं तीन मिनिटं वाचलं आणि बाकीच्यांनी चार मिनिटं त्यावर बोललं, तर बारा जणांना चौऱ्याऐंशी मिनिटं लागतात. म्हणजे दीड तासाचं एक सत्र. वीस जण झाले की तेच दोन तास वीस मिनिटांवर जातं, दीड तासात शेवटच्या सात-आठ जणांची पाळी येत नाही, आणि पाळी न आलेला माणूस बहुतेक वेळा पुन्हा येत नाही.

आता ‘सर्व पातळ्यां’विषयी. हा शब्द निमंत्रणपत्रिकेवर घालणं सोपं आहे. आयोजक त्याचा अर्थ असा लावतात की नवोदितांची एक खोली, मुरलेल्यांची दुसरी. मला हे अर्धंच पटतं. हातात पूर्ण खर्डा असलेल्याला वेगळं काम लागतं आणि पहिलं वाक्य शोधणाऱ्याला वेगळं, हे खरंच आहे. पण माणसं स्वतःला चुकीच्या रांगेत उभं करतात. ‘मी अगदीच नवखी’ म्हणणारीकडे वीस वर्षांच्या रोजनिश्या निघतात. पुस्तकं छापून आलेला माणूस दोन वर्षं एक ओळ लिहू शकलेला नसतो आणि त्याला पहिल्या पानाच्याच खोलीत बसायचं असतं, पण तिथल्या पाटीवर ‘नवोदित’ लिहिलेलं असतं. म्हणून खोल्यांना माणसांची नावं न देता कामांची द्यावीत. एका दारावर ‘पहिलं पान’, दुसऱ्यावर ‘अडलेला खर्डा’, तिसऱ्यावर ‘पुनर्लेखन’. कुठे बसायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं, आणि दुपारी खोली बदलायची असेल तर बदलू द्यावी.

सकाळचा पहिला तास मात्र सगळ्यांचा एकत्र असावा आणि सगळ्यांना एकच अभ्यास असावा. असा एक तास मला फार जवळचा आहे. अभ्यास होता: रोज वापरात असलेल्या एखाद्या वस्तूबद्दल लिहा, पण तिच्याबद्दल काय वाटतं ते लिहू नका. टेबलाच्या एका टोकाला एक निवृत्त वाहनचालक होते. नोकरीभर त्यांनी रोज गाडीची नोंदवही भरली होती: तारीख, किलोमीटर, सही. स्वतःचं म्हणून वाक्य कधी लिहिलं नव्हतं. वीस मिनिटांत त्यांची तीन वाक्यं झाली. त्यांच्या परवानगीनं इथे देते: ‘गाडी बंद केल्यावर इंजिन थोडा वेळ टिकटिक करतं. तेवढा वेळ मी बसून राहायचो. मग काच वर करून उतरायचो.’ त्यांच्या शेजारी एक कादंबरीकार बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘काच वर करायचात हे का लिहिलंत?’ ते म्हणाले, ‘कारण ते करायचो.’ बाईंनी आपल्या वहीतला परिच्छेद पुन्हा वाचला आणि त्यातलं ‘एकटेपणा’ हा शब्द असलेलं अख्खं वाक्य खोडलं. त्या सकाळी कोण कुणाकडून शिकलं, याची नोंद कुठल्याही अहवालात बसणार नाही. दोघं वेगवेगळ्या खोल्यांत असते तर हे घडलंच नसतं.

महोदय, येणाऱ्या दहांपैकी निदान सहा जण खुर्चीत बसण्याआधी एक वाक्य म्हणतात: ‘माझं शुद्धलेखन चांगलं नाही हं.’ म्हणतात ते माफी मागावी तसं. ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती, वहीवरची लाल शाई, सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवलेली चूक. पन्नाशीच्या माणसांच्याही अंगात हे अजून आहे. घरात बोलतो ती बोली कागदावर उतरवायची नसते, असं कुणीतरी त्यांच्या मनात ठसवलेलं असतं. मग सुरेख बोलणारा माणूस लिहायला बसला की त्याची भाषा अर्जासारखी होते. यावर मला माहीत असलेला सर्वांत चांगला उपाय जुना आहे: दहा मिनिटं पेन न थांबवता लिहायचं, मागे वळून वाचायचं नाही, खोडायचं नाही, सुचलं नाही तर ‘सुचत नाही’ हेच लिहीत राहायचं. पीटर एल्बो या अमेरिकी प्राध्यापकांनी १९७३ मध्ये या पद्धतीची ठामपणे बाजू मांडली. त्यामागचा विचार सरळ आहे. मजकूर निर्माण करणं आणि तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि एकाच क्षणी दोन्ही करू गेलं की तपासणारा निर्माण करणाऱ्याचा हात धरतो. व्याकरणाला माझा विरोध नाही. दुपारच्या पुनर्लेखनाच्या खोलीत मी एका स्वल्पविरामावर अर्धा तास बोलू शकते. पण सकाळी नाही.

प्रतिसादाचंही शिक्षण लागतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६ मध्ये लेखन कार्यशाळेचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि तिथल्या वळणानं एक प्रथा जगभर पसरली: खर्ड्यावर चर्चा चालू असताना लेखकानं गप्प बसायचं. कसलेल्या लेखकाला ती उपयोगी पडते, कारण कागदावर जे उतरलेलं नाही त्याचं स्पष्टीकरण त्याला देता येत नाही. नवख्या माणसाला मात्र ती मोडून टाकू शकते. बारा जण आपल्याबद्दल बोलत आहेत आणि आपल्याला तोंड उघडायची मुभा नाही, हे पहिल्याच दिवशी कुणाला सोसावं? ‘पहिलं पान’च्या खोलीत आमचा नियम एकच असतो: तुमच्या लक्षात काय राहिलं तेवढंच सांगा. चांगलं-वाईट नको. ब्रिटनमध्ये १९६८ साली दोन कवींनी आर्व्हन ही संस्था सुरू केली, तिथे लिहिता लेखकच शिकणाऱ्यांसोबत राहून काम करतो. मला तो मार्ग जास्त माणुसकीचा वाटतो. म्हणून मार्गदर्शक निवडताना पुरस्कारांची यादी पाहू नये. तो स्वतः लिहितो का आणि दुसऱ्याचं ऐकतो का, एवढं पाहावं.

एक काळजीची गोष्टही सांगायला हवी. लिहायला बसलेली माणसं हटकून दुःखापाशी जातात. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या संशोधकांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या क्लेशकारक अनुभवांवर लिहिलं. जे घडलं आणि जे वाटलं ते दोन्ही लिहिणारे पुढच्या सहा महिन्यांत आरोग्य केंद्रात कमी वेळा गेले. हे निष्कर्ष वाचून लोक लेखनाला औषध म्हणू लागले. पण त्याच प्रयोगात लिहून उठल्यावर मन आधीपेक्षा खिन्न झाल्याचीही नोंद आहे, आणि पुढच्या अनेक अभ्यासांचा एकत्र विचार केला तर लाभ दिसतो तो सरासरीनं लहान. कार्यशाळा म्हणजे दवाखाना नव्हे. म्हणून वाचून दाखवण्याची सक्ती कुणावरही नसावी, ‘मी वाचणार नाही’ याचं कारण विचारलं जाऊ नये, आणि त्या दिवशी इमारतीत एक समुपदेशक हजर असावा.

‘सर्व’ या शब्दात आणखी कोण कोण येतं? ज्यांना लिहिता येत नाही तेसुद्धा. त्यांनी सांगावं आणि स्वयंसेवकानं शब्द न बदलता उतरवून घ्यावं. उतरवून झाल्यावर तो मजकूर त्यांना वाचून दाखवला की अनेकजण दुरुस्ती सुचवतात. ते संपादनच असतं. अंध व्यक्तींसाठी ब्रेलची सोय, कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी, जिना चढावा लागणार नाही अशी खोली. आणि लहान मुलं सांभाळायला कुणीतरी हवंच. मी पाहिलेल्या गळतीचं सर्वांत मोठं कारण प्रतिभेचा अभाव हे नाही, घरी मूल कुणाजवळ ठेवायचं हे आहे.

दिवस संपताना स्मरणिका काढायचा मोह होतो. तो आवरावा. जे लिहिलं ते लिहिणाऱ्याचं आहे. लेखकांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या १९०८ च्या दुरुस्तीपासून स्वामित्वहक्कासाठी नोंदणीची अट नाही. लिहिल्याक्षणी हक्क लेखकाचा होतो, मग तो पहिल्यांदाच लिहीत असला तरी. लेखी संमतीशिवाय कुणाची ओळही छापली जाऊ नये. स्पर्धा आणि क्रमांक तर नकोतच.

हे सगळं ग्रंथालयातच का, असं आपले अधिकारी विचारतील. युनेस्कोच्या १९९४ च्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यात व्यक्तीच्या सर्जनशील विकासाला संधी देणं हे ग्रंथालयाच्या कामांतच धरलेलं आहे. त्याआधी १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं सत्ताविसावं कलम समाजाच्या सांस्कृतिक जीवनात मोकळेपणानं भाग घेण्याचा हक्क प्रत्येकाला देतं. भाग घेणं म्हणजे फक्त टाळ्या वाजवणं, असा त्याचा अर्थ मी तरी लावू शकत नाही. शिवाय सभागृहात जायला लोक बिचकतात, ग्रंथालयात वर्तमानपत्र वाचायला आलेला माणूस सहज टेबलापाशी येऊन बसतो.

मानधनाबद्दल स्पष्ट लिहिते. सभागृह सजवायला, फलक लावायला तरतूद असते आणि मार्गदर्शकाला ‘साहित्यसेवा म्हणून या’ असं सांगितलं जातं. मी गेले आहे, पुढेही जाईन. पण पोटापाण्यासाठी धावणारा तरुण लेखक रविवार फुकट देऊ शकत नाही, आणि मग शिकवायला तेच येतात ज्यांना परवडतं. सजावट काढून टाका आणि तो पैसा मार्गदर्शक, दुभाषी आणि मुलं सांभाळणाऱ्यांना द्या.

यशाची मोजणी उपस्थितीवर करू नका. त्याच टेबलाभोवती दर महिन्याला दोन तास बसण्याची सोय प्रत्येक ग्रंथालयानं ठेवावी आणि सहा महिन्यांनंतर किती जण अजून येतात ते मोजावं. बारांतले पाच आले तरी मला आनंद आहे.

आपण हा निर्णय घेतलात तर परिपत्रकाचा मसुदा, खोल्यांचं वेळापत्रक आणि स्वयंसेवकांसाठीच्या सूचना तयार करून द्यायला मी आणि माझे सहकारी विनामोबदला बसू. परिपत्रकाची भाषा आपल्या कार्यालयाला हवी तशी ठेवावी. त्यात एक ओळ मात्र जशीच्या तशी असावी, ही विनंती: ‘या दिवशी उद्घाटन समारंभ होणार नाही, सकाळी दहा वाजता लेखनाला सुरुवात होईल.’

आपली विश्वासू,
लेखन कार्यशाळा घेणारी एक कार्यकर्ती