शेठचं आजारपण

डोंबिवली
20 जून

प्रिय सुध्या,

‘वाचला का रे तुझा मासा, की नवा आणला?’ हा तुझा मेसेज मिळाला. उत्तर दोन शब्दांचं आहे: शेठ वाचला. पण तेवढ्यावर तुला सोडत नाही. चिनूच्या वाढदिवसाला काचेचा गोल बाउल आणि दोन गोल्डफिश आणायचा तुझा बेत वहिनींनी फोनवर फोडलाय. आमचा शेठही गोल्डफिशच, तेव्हा हे पत्र निम्मं शेठचं आणि निम्मं तुझ्यासाठी.

मे महिन्यात वळवाच्या पावसात आमच्याकडचा ट्रान्सफॉर्मर उडाला. रात्री लाइट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारीच आली. घरात कुणाला फ्रीजची काळजी, कुणाला पंख्याची, मला टाकीची. हवेचा पंप बंद, फिल्टर बंद, पाणी 30 अंशांच्या वर. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. 20 अंशांना लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम, 30 ला जेमतेम साडेसात. शेठ वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागला. मग मोबाइलचा टॉर्च फळीवर टेकवला, तांब्या घेतला आणि टाकीतलंच पाणी उचलून वीतभर वरून धार धरत बसलो. पाणी ढवळलं की त्यात हवा शिरते, बाकी त्यात जादू काही नाही. सुषमा मध्ये उठून बघून गेली. “पोरं लहान असताना असा जागला असतास तर...” म्हणाली आणि पुढचं न बोलताच जाऊन झोपली.

रात्र निभावली. दुखणं आलं ते नंतर.

हे जरा नीट वाच, तुलाही लागणार आहे. मासा अमोनिया बाहेर टाकतो, तोही मुख्यतः कल्ल्यांतून. आपल्यासारखी मोरी त्याला नाही. जिथे राहतो तिथेच सगळं. फिल्टरच्या स्पंजात बॅक्टेरियांच्या दोन जमाती असतात. पहिली अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेटचा त्रास त्या मानाने बराच कमी, पाणी बदललं की जातं. पण या मंडळींनाही ऑक्सिजन लागतो. बंद फिल्टरमध्ये पाणी कोंडलं की ती गुदमरून मरतात. लाइट आल्यावर मी फिल्टर उघडला तर सडक्या अंड्यांचा भपकारा आला. तसाच चालू केला असता तर ते सगळं टाकीत गेलं असतं. स्पंज टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात खळबळला, नळाखाली धरला नाही, कारण नळाच्या पाण्यातला क्लोरीन उरल्यासुरल्यांनाही संपवतो.

एवढं करूनही शेठ तळाशी बसला. एरवी हा प्राणी माणूस दिसला की काचेला तोंड लावून भीक मागतो. आता खाण्याचा डबा वाजवला तरी हलेना. पर अंगाला चिकटवलेले, पांढऱ्या शेपटीत बारीक लाल रेघा. परीक्षानळीत पाणी घेऊन दोन बाटल्यांतले थेंब टाकले, हलवून ठेवलं. पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. आमचं आधी पोपटी झालं, मग हिरवंगार.

दुकानात गेलो तर काउंटरवर तीन वस्तू मांडल्या गेल्या: निळं औषध, पिवळी पावडर आणि एक टॉनिक. सुध्या, माशांच्या बाबतीत लोकांची सगळ्यात मोठी खोड हीच. मासा मलूल दिसला की बाटली उघडायची. निळं म्हणजे मेथिलीन ब्लू. बुरशीवर चालतं, पण वेगळ्या टाकीत. मुख्य टाकीत ओतलंस तर स्पंजातल्या बॅक्टेरियांना मारतं आणि काचेच्या सांध्यांमधलं सिलिकॉन निळं करून ठेवतं ते वेगळंच. शेठला रोग झालाच नव्हता. विषबाधा झाली होती, आणि ते विष तो श्वासागणिक कल्ल्यांतून घेत होता. मी टेस्ट किटचे थेंब आणि अँटिक्लोरीन घेऊन परत आलो.

मग रोज सकाळी ऑफिसआधी पाणी बदलायचं, कधी तिसरा हिस्सा, कधी निम्मं. बादल्या रात्रीच भरून, अँटिक्लोरीन घालून ठेवायच्या, म्हणजे सकाळपर्यंत पाणी खोलीइतकंच कोमट होतं. खाणं बंद, कारण जेवढं पोटात जाईल तेवढा अमोनिया वाढणार. आईला हे अजिबात पटेना. “आजाऱ्याला उपाशी ठेवतोस?” मी म्हटलं, गोल्डफिशला जठरच नसतं, घशाखाली थेट आतडं; आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही. यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती तुझ्या ओळखीची आहे.

अमोनिया उतरायला लागला तर नायट्राइट चढलं. हे व्हायचंच होतं, कारण दुसऱ्या जमातीला सावरायला जास्त वेळ लागतो. त्यावर उतारा वाण्याकडे मिळतो: खडे मीठ, लिटरला एक ग्रॅम. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतं. आमची टाकी तीन फुटी, म्हणजे साधारण दीडशे लिटर, तर दीडशे ग्रॅम मीठ. बादलीत विरघळवून थोडं थोडं घातलं. मिठाने पाणवनस्पती मरतात म्हणतात, पण आमच्याकडच्या शेठने केव्हाच खाऊन संपवल्यात.

खरा फरक पडला तो ठाण्याच्या एका मित्रामुळे. त्याच्या निरोगी, जुन्या टाकीतला मळकट स्पंज मी टाकीच्या पाण्यासकट पिशवीत घालून लोकलने आणला. डब्यातल्या एका गृहस्थाने पिशवीकडे बघून खिडकीची जागा सोडली! स्पंज आमच्या फिल्टरमध्ये बसला आणि नळीतलं हिरवं हळूहळू पोपटीवर, पोपटी पिवळ्यावर आलं.

मग शेपटीला पैठणीसारखा काळा काठ आला. वरच्या मजल्यावरच्या काकू हळहळल्या, “घरावरचं संकट बिचाऱ्याने अंगावर घेतलं हो!” म्हटलं, काकू, संकट नाही, अमोनिया. गोल्डफिशची भाजलेली कातडी भरून येताना काळी पडते. हळूहळू तो काळेपणा जातोही. म्हणजे त्यांना जी साडेसाती दिसत होती ती सुधारणा होती. हे संकट अंगावर घेण्याचं प्रकरण मला मनापासून चीड आणतं. त्या नावाखाली किती मासे मरतात आणि कुणी पाणी तपासत नाही.

‘नवा आणला का’ असं तू सहज विचारलंस म्हणून सांगतो. इंग्लंडात 1956 साली जत्रेत जिंकलेला टिश नावाचा एक गोल्डफिश 1999 साली मेला. वय 43! सगळे इतके जगत नाहीत, पण दहा-पंधरा वर्षं नीट ठेवला तर सहज. चिनू कॉलेजात जाईपर्यंत.

तेव्हा बाउल रद्द कर. त्यात पाणी थोडं, हवा लागायला जागा कमी, फिल्टर धड बसत नाही. दोन माशांना तीन फुटी टाकी घे. आणि वाढदिवसाला रिकामी टाकीच दे, रडली तर रडू दे. फिल्टर चालू करून रोज चिमूटभर खाणं टाकत जा, ते कुजून अमोनिया होईल आणि बॅक्टेरिया वाढतील. चार ते सहा आठवडे लागतात. थेंबांची तपासणी चिनूला करू दे, नळीतले रंग बदलताना बघायला मुलांना आवडतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच मासे. तुमच्याकडे बोअरचं पाणी, क्लोरीनची कटकट नाही, पण पीएच आधी बघ. पीएच 7 चा 8 झाला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो.

आमच्या टाकीत परवा दोन्ही शून्य निघाले. जुलैत मी सांगलीला येतोच आहे, तेव्हा शेठच्या फिल्टरमधला स्पंज घेऊन येईन, तुझं काम निम्म्या वेळात होईल. वहिनींना आत्ताच सांगून ठेव, वास येतो म्हणून धुऊन टाकायचा नाही.

तुझा,
नंदू