बार्शी लाईट चारचौघांत

मिरज,
रविवार

प्रिय दत्ता,

स.न.वि.वि. वगैरे लिहिलं तर तू पत्र न वाचताच फाडशील, म्हणून आधी बातमी सांगतो. मांडली! बार्शी लाईट, म्हणजे मिरजेहून पंढरपूरला जाणाऱ्या त्या जुन्या छोट्या रेल्वेगाडीचं माझं मॉडेल, एकदाची चारचौघांत मांडली. सांगलीच्या छंद प्रदर्शनात, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात.

माझं हे रेल्वेचं खूळ माळ्यावरून कधी खाली उतरलं नाही, तुला ठाऊकच आहे. पाहुणे आले की वर चादर पडायची. तू म्हणायचास, नावं ठेवतील म्हणून भितोस. तसं नव्हतं लेका. नावं ठेवलेली परवडतात. पन्नाशी उलटलेला, पतसंस्थेत कॅशला बसणारा माणूस झुकझुक गाडी घेऊन उभा, आणि लोक पोराच्या चित्राला म्हणतात तसं "छान हं" म्हणून पुढं सरकतायत, ही कल्पनाच सोसायची नाही.

आणि झालंही तसंच. सुरुवातीला मी टेबलामागं नव्हतोच, खांबाच्या आडोशाला होतो. लोक यायचे, वाकून बघायचे, मालक कोण म्हणून इकडंतिकडं बघायचे आणि काडेपेट्यांच्या संग्रहाकडं वळायचे. शेवटी शेजारच्या क्रोशावाल्या काकूंनीच मला हेरलं. म्हणाल्या, "अहो, रिकामे हात घेऊन उभं राहिलं की घाम फुटणारच. काहीतरी करत बसा. माझं बघा, सुई थांबत नाही. नजर खाली राहते, माणसं आपण होऊन बोलतात."

पिशवीत डब्याची एक अर्धवट बाजू होती. लग्नपत्रिकेचा जाड कागद, संपलेल्या बॉलपेनचं टोक मागून दाबायचं, की पुढं रिव्हेटचा बारीक फुगवटा उठतो. जोर जास्त झाला तर कागद फाटतो, कमी झाला तर रंगाखाली रिव्हेट दिसतच नाही. खुर्ची ओढली आणि टिपके उठवत बसलो. थोड्या वेळानं कानाशी आवाज आला, "काका, हे काय करताय?" शाळकरी पोरगं होतं. त्याला सांगितलं, खऱ्या दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आपलं प्रमाण १:८७. म्हणून ९ मिलिमीटरचा तयार रूळ चालून जातो. पठ्ठ्यानं तिथंच मोबाइलवर भागाकार केला. "८.७६ येतंय काका!" असा तपासणारा भेटला आणि माझं तोंड जे सुटलं ते सुटलंच. गवत म्हणजे सतारमेकर गल्लीतला तुनाच्या लाकडाचा भुसा, हिरव्या रंगात भिजवून वाळवलेला, हे तर मी न विचारताही सांगत होतो.

"याचा उपयोग काय?" असंही एकानं विचारलंच. काही नाही म्हटलं. विषय संपला. आश्चर्य म्हणजे मला काहीच वाटलं नाही.

पण खरी गंमत सलगऱ्याच्या एका आजींनी केली. चष्मा वर-खाली करत बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "ही आमची छोटी गाडी न्हवं? मग टपावर माणसं कुठायत?" आषाढीला आत पाय ठेवायला जागा नसायची, त्यांचे मालक टपावर बसून पंढरपूरला गेलेले. १९२७ साली मिरजेला पोचलेली गाडी, ब्रॉडगेज आल्यावर गेली, एवढं मी पाठ केलेलं. टपावरची गर्दी माझ्या कागदपत्रांत कुठंच नव्हती.

तेव्हा आता वारकरी करायला घेतलेत. या प्रमाणात माणूस दोन सेंटिमीटरही भरत नाही. टाळांचा नाद सोडला, भगव्या दोऱ्याच्या पताका जमतील असं वाटतंय.

एक काम कर. तुझे मामा ढालगावला स्टेशनमास्तर असताना त्यांनी गाडीचा फोटो काढला होता ना? तो शोध आणि चांगली प्रत काढून पोस्टानं पाठव. मोबाइलवर नको, त्यावर पट्टी ठेवून मापं घ्यायची आहेत. आणि टपावर चढायला डब्याच्या टोकाला शिडी होती का, हे मामींना आठवणीनं विचार.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विलास