स्थानिक मच्छीमाराला नाव असतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत मालवणच्या मच्छीमाराच्या ‘त्या’ तैलचित्राला अर्धं पान दिलंत, आभारी आहे. पर्ससीनवाल्यांशी (मोठ्या जाळ्यांच्या यांत्रिक बोटींवाल्यांशी) राडा झाला किंवा वादळ आलं तरच आमच्याकडच्या माणसाला पेपरात एवढी जागा मिळते. चित्रकाराचं नाव लेखात जागोजागी आहे, उद्घाटकांचं तर फोटोसकट आहे. चित्रात जो बसलाय तो मात्र नुसता ‘स्थानिक मच्छीमार’.

हा स्थानिक मच्छीमार माझा थोरला काका. पावसाळ्यात रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) बंद, त्यामुळे काका मोकळेच होते आणि चित्रकार महाशय आमच्या पडवीत येऊन त्यांना तासन् तास बसवून ठेवत. चहा-भजी आमच्याकडची. मानधनाचं मी विचारत नाही, काकांनीही विचारलं नाही. पण डोक्यावर लाल टोपी आणि कमरेला त्रिकोणी रुमाल कुठून आला? तो वेश मुंबई-अलिबागकडच्या कोळ्यांचा. आम्ही मालवणचे गाबीत. काकांनी चित्र पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “माका टोपी घातल्यान रे.”

खांद्यावर पाग (हातानं फेकायचं जाळं) दिलाय, त्याच्या कडेला शिसंच नाही. असला पाग फेकला तर पाण्यावर तरंगत राहील, मासे वर बसून गप्पा मारतील. तुमच्या समीक्षकांना त्यात ‘समुद्राशी एकाकी झुंज’ दिसली. अहो, काका जन्मभर रापणकर. रापणीच्या दोन्ही टोकांचे दोर ओढायला अख्खा वाडा लागतो आणि मासळीचे वाटेही सगळ्यांत होतात. एकाकी राहून आमच्याकडे बांगडासुद्धा मिळत नाही. सुरकुत्या मात्र छान उतरल्यात, खोटं कशाला बोलू.

याच लेखात समीक्षकांनी चित्रकाराची तुलना सावंतवाडीच्या हळदणकरांशी केली आहे. करावी. पण हळदणकरांच्या निरांजन घेतलेल्या बाईचं चित्र (ते जलरंगातलं आहे, लेखात म्हटलंय तसं ‘तैलरंगातलं’ नव्हे) म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती हे सगळ्यांना ठाऊक आहे. 2018 साली वयाच्या 102व्या वर्षी गीताबाई कोल्हापुरात वारल्या, तेव्हा पेपरांनी नावानिशी बातम्या दिल्या. त्यांना नाव आहे, आमच्या काकांना का नसावं? काका अजून हयात आहेत, रोज संध्याकाळी दांडीच्या किनाऱ्यावर बसतात, ऐकूही नीट येतं. त्यांचं नाव मी मुद्दामच इथे लिहीत नाही. तुमच्या बातमीदाराने यावं आणि त्यांनाच विचारावं. वाटल्यास चहा पुन्हा आमच्याकडचा.

पेन हातात आहे तोवर आणखी एक. पान दोनवर भरती-ओहोटीच्या वेळा यायच्या, त्या हल्ली गायब झाल्या आहेत. त्या जागी राशिभविष्य दुप्पट लांब झालंय. मीन राशीला कालही ‘जलप्रवास टाळावा’ होतं. आमच्या घरात मीन राशीचे तिघे आहेत आणि तिघेही होडीवर जातात. भविष्य खुशाल छापा, पण भरतीची वेळ तेवढी परत सुरू करा.

आपला,
एक वाचक, मालवण