आधी ओटा, मग जमीन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहनिवास, को-हाउसिंग (म्हणजे घरं आपापली, पण स्वयंपाकघर सामायिक, अशी मिळून राहायची वसाहत), शाश्वत जीवनशैली अशा नावांनी हल्ली पुण्यात रविवारी सकाळी मेळावे भरतात. गेल्या वर्षभरात मी असे पाच मेळावे केले. वय सदुसष्ट, नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी बंगळुरूला. म्हणजे मी तिथे गंमत बघायला गेले नव्हते, गिऱ्हाईक म्हणून गेले होते.

मेळावा कसा असतो ते सांगते. खुर्च्या गोलात मांडलेल्या. प्रत्येकाच्या पायाशी घरून आणलेली पाण्याची बाटली. आधी ओळखी, आणि ओळखींतच दीड तास जातो, कारण पुण्यात निवृत्त माणसाला ‘थोडक्यात सांगा’ म्हटलं की तो १९८४ पासून सुरुवात करतो. मग पडद्यावर चित्रं: मातीच्या भिंती, छपरावर सौर पॅनेल, अंगणात विहीर, कडेला शेवग्याचं झाड. त्यानंतर जागेचा विषय निघतो. मुळशीकडे कुणाच्या तरी भाच्याच्या ओळखीतली सहा एकर आहे. भोरकडे स्वस्त पडेल. पानशेतच्या वाटेवर एक उतार आहे, पण रस्ता नाही.

तिसऱ्या मेळाव्यात एका वकीलबाईंनी हात वर करून विचारलं, “शेतकरी किती आहेत इथे?” महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३. खोलीत चाळीस माणसं, त्यांतल्या तिघांचं नाव कुठल्या तरी सातबारावर. मग त्या तिघांच्या नावावर जमीन घ्यायची आणि बाकी सदतीस जणांनी विश्वासावर पैसे घालायचे, असा एक मार्ग सुचवला गेला. त्यावर कुणी काही बोललं नाही आणि चहा आला.

चित्रं दाखवणारे नेहमी डेन्मार्कचं नाव घेतात. नाव बरोबर आहे, पण त्यातली शिकण्यासारखी गोष्टच निसटते. यान गुडमन-होयर नावाच्या वास्तुरचनाकाराने १९६४ साली मित्र जमवले, कोपनहेगनजवळ जागा पाहिली, आणि शेजाऱ्यांनी विरोध केल्यावर ती सोडून दिली. १९६७ साली बोडिल ग्रॉ या बाईंनी तिथल्या वर्तमानपत्रात, मुलांना शंभर आईबाप असावेत अशा अर्थाचा लेख लिहिला आणि तो वाचून आणखी कुटुंबं पुढे आली. सेटेडामेन ही पहिली वसाहत उभी राहिली १९७२ साली. घरं सत्तावीस. प्रत्येक घराला स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचं दार, स्वतःची कडी. शिवाय सगळ्यांचं मिळून एक सामायिक घर, जिथे संध्याकाळचं जेवण पाळीपाळीने रांधलं जातं. या साऱ्या प्रकाराचा कणा ती पाळी आहे. मातीच्या भिंती आणि शेवग्याचं झाड ही सजावट झाली.

लंडनमध्ये वयस्क बायकांच्या एका गटाने १९९८ साली अशी खटपट सुरू केली. पंचवीस फ्लॅटची त्यांची इमारत २०१६ साली राहायला तयार झाली. अठरा वर्षं. मी सदुसष्टची आहे, हिशोब तुम्हीच करा.

आमच्याकडे हे सगळं आधीपासून होतंच, वाडे होते ना, असं प्रत्येक मेळाव्यात कुणीतरी म्हणतंच. मी नारायण पेठेतल्या वाड्यात वाढले. नऊ बिऱ्हाडं, एक हौद, मागच्या अंगाला तीन संडास. आईला टायफॉइड झाला तेव्हा एकवीस दिवस आमची चूल पेटली नाही आणि आम्ही तिघं भावंडं एक दिवस उपाशी राहिलो नाही. कुणाकडची आमटी कुठल्या भांड्यातून आली हे आई बरी झाल्यावर भांड्यावरची नावं वाचून कळलं. हे खरं. पण माझी आत्या सासरहून परत का आली, हेही नऊ बिऱ्हाडांना आमच्याआधी माहीत होतं, आणि ती हौदावर जायची ती सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर, भर उन्हात. वाड्याची आठवण काढून गहिवरणाऱ्यांत पुरुषच जास्त असतात, हे माझ्या ध्यानात आलंय. (पत्र लांबलं आणि कापायची वेळ आली तर हा परिच्छेद कापू नका, डेन्मार्कचा कापा.)

आता मला जे खरं सांगायचंय ते. आमची सोसायटी कोथरूडची, चोवीस फ्लॅटची, चार मजली, लिफ्ट नसलेली. मी सहा वर्षं सेक्रेटरी होते. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी, साडेबारा ते एकच्या मध्ये, मी चौथ्या मजल्यावरून खाली उतरताना दारांच्या कड्यांना अडकवलेले डबे मोजले. नऊ. चार वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले. तीन पोळ्या, एक सुकी भाजी, आमटी किंवा कढी, भाताची मूद. नऊ दारांमागे अकरा माणसं, सगळी साठीच्या पुढची, आणि प्रत्येक जण टीव्हीसमोर एकटा किंवा दुकटा जेवतोय. म्हणजे सामायिक स्वयंपाकघर आमच्याकडे आधीच आहे. फक्त ते चार ठिकाणी विखुरलेलं आहे, दुसऱ्याच्या मालकीचं आहे आणि तिथे बसायला जागा नाही.

आमच्यासारख्या तीस-चाळीस वर्षं जुन्या सोसायट्या कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे, सहकारनगर सगळीकडे रीडेव्हलपमेंटला निघाल्यात. सहकारनगर! नावातच सहकार. सहकारी संस्थांचा १९६० चा कायदा हाताशी आहे, त्यातल्या कलम ७९-अ खालच्या रीडेव्हलपमेंटबद्दलच्या सूचना आहेत, सभासदांनी बिल्डरशिवाय स्वतःच इमारत उभी करायची तर त्यासाठीही सरकारने २०१९ मध्ये निर्णय काढलाय. जमीन आमच्या नावावर, माणसं चाळीस वर्षं ओळखीची, कोण उसनं घेतो आणि परत करत नाही तेही माहीत. आर्किटेक्ट येऊन विचारतो, तुम्हाला काय हवं? तीस-चाळीस वर्षांतून एकदाच असं कुणी विचारतं, आणि आम्ही काय मागतो? घरात जास्तीचा कार्पेट एरिया, कॉर्पस म्हणजे बिल्डरने द्यायची रोख रक्कम, दोन पार्किंग.

आमच्याकडेही हेच झालं. बिल्डरच्या माणसाने लॅपटॉपवर जिम दाखवली, गच्चीवरची बाग दाखवली. मी म्हटलं, जिमच्या जागी तळमजल्यावर चारशे चौरस फुटांचं स्वयंपाकघर आणि पन्नास माणसं बसतील अशी पडवी द्या. मागून आवाज आला, “काकू, मेस काढायची का?” हशा झाला. जिम मंजूर. मंजूर करणाऱ्यांचं सरासरी वय मी काढलेलं नाही, पण हात वर करताना दोघांचे खांदे वर जात नव्हते.

मेळाव्यांतली उत्साही, शिकलेली, खरोखर चांगली माणसं याच सोसायट्यांचे सभासद आहेत. ती स्वतःच्या सर्वसाधारण सभेला जात नाहीत. ‘तिथे नुसती भांडणं’ म्हणून इथे येतात. पण पार्किंगवरून शेजाऱ्याशी बोलता येत नसेल तर मुळशीला जाऊन विहिरीवरून कसं बोलणार आहोत आपण?

कामाची पाळी सांभाळणं किती अवघड असतं याचा अनुभव मला आहे. घरपट्टीत सवलत मिळते म्हणून आम्ही गांडूळखताचा खड्डा एकमताने केला. चोवीसपैकी चोवीस हात वर. खड्डा हलवायला मात्र दोघंच, मी आणि तळमजल्यावरचे एक गृहस्थ. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मी महिनाभर मुलीकडे गेले, आणि परत आले तर खड्ड्यात अळ्या आणि दारावर तक्रारअर्ज. अर्जावर चोवीसपैकी एकोणीस सह्या.

म्हणून मला वाटतं, मेळाव्यात भिंती मातीच्या की विटांच्या हे नंतर ठरवावं. आधी भाजी कोण चिरणार ते बोला. हा प्रश्न मी विचारला तेव्हा एक सद्गृहस्थ सहज म्हणाले, “त्यासाठी बाई ठेवू.” ठेवा की, पण मग तिला गोलातली एक खुर्चीही द्या. आमच्या पोळ्यांच्या मावशी सकाळी सहा घरं करतात, कुठल्या घरात किती मीठ आणि कुठल्या घरात किती अबोला ते त्यांना पाठ आहे. पाच मेळाव्यांत त्यांच्यासारखी एकही बाई मी पाहिली नाही.

दुसरा न बोलला जाणारा विषय म्हणजे ‘आपल्यासारखी माणसं’. समविचारी हवीत, एवढंच म्हणायचं असतं, असं सांगतात. पुण्यात या शब्दाचा अर्थ कुठवर जातो हे पुणेकराला समजावून सांगायची गरज नाही. एका मेळाव्यात सामायिक स्वयंपाकघर शाकाहारीच असेल हे चर्चेशिवाय, गृहीत धरूनच सांगितलं गेलं. माझ्या शेजारी बसलेल्या तरुण मुलीने, मांडीवर दीड वर्षाचं पोर होतं तिच्या, हळूच वही बंद केली आणि पुढच्या वेळी ती आली नाही. सहकार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे पुरेसं कारण नसताना सभासदत्व नाकारता येत नाही. दोन चुली ठेवा, वार ठरवा, काहीही करा, पण बोला तरी. मी स्वतः अंडंही खात नाही, आणि तरी म्हणते.

तिसरा विषय दुखण्याचा. सोबतीला म्हणून एकत्र यायचं, तर रात्री दोन वाजता कुणाच्या छातीत दुखलं की कोण उठणार? आठ महिने अंथरुणाला खिळलेल्या सभासदाचं शेजारधर्माने कुठवर करायचं आणि पगारी माणूस कधी आणायचा? कुणाला सोडून जायचं झालं तर पैसे किती, कधी, कोणत्या भावाने परत? मुलं वारस म्हणून आली आणि त्यांना यातलं काहीच नको असलं तर? हे लिहून ठेवण्याला काही जण अविश्वास म्हणतात. आमच्या वाड्यात कुणी काही लिहून ठेवलं नव्हतं. घरमालकाच्या मुलांचा दावा बावीस वर्षं चालला.

माझी आयोजकांना विनंती आहे की पुढचा मेळावा सभागृहात घेऊ नका. एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये घ्या. गाड्या दोन तास बाहेर काढायला लावा, तिथूनच खरी परीक्षा सुरू होईल. ओळखी नकोत. वीस जणांना विळ्या-सुऱ्या घेऊन बसवा, पन्नास माणसांचा मसालेभात आणि मठ्ठा करा, आणि जेवण झाल्यावर मोठं पातेलं कोण घासायला घेतं ते बघा. मी गेल्या संक्रांतीला आमच्याकडे करून पाहिलं. चोवीस घरांतून चौदा जण आले. मीठ दोघांनी घातलं. पातेलं घासायला तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर मुलगा उठला, ज्याच्याशी पार्किंगवरून माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं. आता बोलतो. पार्किंगचा वाद मिटलेला नाही.

आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे. आराखडा अजून महापालिकेत गेलेला नाही. ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात मला जायचं नव्हतं, म्हणून अर्ज आधीच लेखी दिलाय आणि पोच घेतलीय: तळमजल्यावर चारशे चौरस फूट, दहा फुटी ओटा, दोन शेगड्यांची जोडणी वेगवेगळी, मोरीला जाळी. अर्जावर माझ्याशिवाय सहा सह्या आहेत. त्यांतली एक इंजिनिअर मुलाची.

आपली,
एक वाचक
कोथरूड, पुणे ३८