पेटी वेळेवर बोलली!

पहिली ते चौथीच्या आमच्या पोरांचा गाण्याचा कार्यक्रम काल झाला. आदल्या संध्याकाळी पेटीचा भाता फाटला आणि माझ्या पोटात गोळाच आला. बाजारपेठेतल्या काकांनी बंद केलेलं दुकान पुन्हा उघडलं, भात्याला चामड्याची पट्टी चिकटवली, अडकलेली ‘काळी पाच’, म्हणजे पाचव्या काळ्या सुराची पट्टीसुद्धा मोकळी केली. मुलांचा सा त्याच सुरावरचा! पैसे घेतले नाहीत, नावही सांगितलं नाही.

आणि रडणाऱ्या पोरीला मांडीवर घेऊन दादरा तालाच्या ६ मात्रा (ठोके) तिच्या तळहातावर मोजणाऱ्या ताई, तुम्ही कोणाच्या आई, ते अजून कळलं नाही. चौथ्या मात्रेला ‘खाली’, म्हणजे तिथे टाळी नाही, हे तिला तुमच्यामुळे उमगलं. मग ती अगदी मोकळ्या गळ्याने गायली. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.